नारू पायात होता ते वर्ष

आई, आज दुपारी एका शब्दापाशी माझं काम अडलं. रविवारच्या पुरवणीसाठी सहाशे शब्द हवे होते, संध्याकाळच्या आत. वैद्यकीय संशोधनात काही वेगळंच सुचलेल्या शास्त्रज्ञांना आता पैसे मिळू लागले आहेत, त्याबद्दल. त्यांचं काम फसण्याची शक्यता जास्त असली तरी चालतं. पैसे माणूस बघून देतात. आधीचे निष्कर्ष आणा असं म्हणत नाहीत आणि फसलं तर जाब विचारत नाहीत. इंग्रजी पत्रकात अशा संशोधनाला जो शब्द होता तिथं मी 'जोखमीचं' असं लिहून पाठवलं. पुण्याच्या कचेरीतून पान लावणाऱ्या मुलाचा फोन आला. "मॅडम, जोखमीचं नको ना, निगेटिव्ह वाटतं. धाडसी करू या?" मी म्हटलं, कर. इतकी वर्षं या कामात काढल्यावर कुठल्या शब्दासाठी भांडायचं आणि कुठला सोडून द्यायचा हे कळतं. फोन ठेवला आणि मग मात्र खुर्चीतून उठवेना. आपल्या घरात जोखीम म्हणजे धोका कधी नव्हताच. जोखीम म्हणजे आजीच्या कनवटीची सोन्याची पोत. एसटीत चढताना आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं माझ्या कानात सांगायची, "जोखीम जवळ हाय, मला खिडकीकडं बसू दे." गेलं तर पुन्हा मिळायचं नाही, असं जे असतं ते.

तुला तो गाडीतला प्रसंग आठवत असेल. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि लोक रंग वाळलाय का म्हणून बोट लावून बघत होते. तू रेणापूरकडच्या गावांतून हिंडून आली होतीस, मी लातूरला एका बैठकीची बातमी करायला गेले होते, आणि आपण दोघी नांदेडच्या गाडीत चढलो. तुझ्या हातात खाकी पिशवी. कंडक्टरनं ती टपावर टाकायला हात पुढं केला तशी तू पिशवी छातीशी धरलीस. "नको भाऊ, जोखीम आहे." झालं. कंडक्टरचा आवाजच बदलला. "ए, सरका की जरा, बाईंजवळ जोखीम हाय," असं म्हणून त्यानं पुढच्या बाकावरचे दोन गडी उठवले. शेजारच्या म्हातारीनं एकदा माझ्याकडं, एकदा पिशवीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "लेकीचं लगीन काढलंय जणू? किती तोळे घेतलं?" मला हसू आवरेना. तू मात्र अगदी शांतपणे सांगितलंस, "मावशी, ह्याला तोळे नसतात." अहमदपूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली, पिशवीतून स्पिरिटचा वास सुटला आणि तुला बाटली बाहेर काढून बूच बघावंच लागलं. लोणच्याची काचेची बाटली, आत वेटोळं करून ठेवलेला हातभर पांढरा दोरा. म्हातारी पुढं वाकली, आणि मग किंचाळलीच. "अगं बया, नारू! नारू घेऊन बसलीय मांडीवर!" सगळी गाडी मान वळवून बघायला लागली. कंडक्टर दुखावल्यासारखा म्हणाला, "बाई, तुम्ही जोखीम म्हणला व्हता." "हो. हीच," तू म्हणालीस. "ह्याला कोण चोरतंय?" त्यानं विचारलं, आणि गाडी हसली. म्हातारीचा राग उतरल्यावर तिनं लुगडं घोट्याच्या वर सरकवून दोन जुने वण दाखवले. "हितनं एक निघाला, हितनं एक. काडीवर गुंडाळता गुंडाळता जीव गेला माझा. तुला पायजेच व्हता तर तवा यायचं, दिला असता की."

पान लावणाऱ्या त्या मुलाला आज मी विचारलं, नारू माहीत आहे का. त्यानं विचारलं, "आडनाव आहे का?" मग सांगितलं. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की त्यातल्या बारीक किड्यांबरोबर हा जंत पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, आणि एक दिवस पायाला फोड येऊन तिथून तोंड बाहेर काढतो. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो, म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा. तो माणूस फोड घेऊन पुन्हा विहिरीत उतरला की पाण्यात पिल्लं पडतात आणि पुढच्या साली सगळं गाव. मुलगा म्हणाला, "बाप रे, मॅडम, जेवतोय मी." म्हणजे नारू खरंच गेला. हे तुला कळलं असतं तर तू आधी हसली असतीस.

तुझ्या त्या बाटलीची सुरुवात दुष्काळात झाली. मी शाळेत होते. आजीचं गाव रेणापूरच्या पलीकडं, आणि गावच्या बारवेच्या पायऱ्या आपल्या वस्तीला उतरायला मिळत नव्हत्या. बौद्ध झालो तरी पायऱ्या होत्या तिथंच होत्या. वस्ती नदीतल्या झिऱ्याचं पाणी प्यायची, वाळू उकरून वाटीनं भरलेलं, आणि त्या वाळूत गाळलेल्या पाण्यानं वस्तीला नारू कधी झाला नाही. गावाला व्हायचा, आपल्याला नाही. मग पाऊस गेला, झिरे आटले, आणि साहेब येऊन सांगून गेले की बारव सगळ्यांची. आजी पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, घागर बुडवली. वर्षानं तिला नारू झाला. ती स्वतःच हसून सांगायची, "जलमभर उतरू दिलं न्हाई, आन् उतरू दिलं तर ह्यो परसाद." पण त्या मधल्या वर्षात ती आपल्याकडं नांदेडला आली होती आणि तू काहीतरी बघितलंस. आजीला दमा होता. मला कळायला लागल्यापासून ती उशा रचून, भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. त्या खेपेला ती आडवी झोपली. उताणी, एक हात कपाळावर टाकून, तोंड उघडं. मी घाबरून तुला हाक मारली होती. तू दारात उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत होतीस.

पुढं तिच्या घोट्याला फोड आला, नारू निघाला, बाबांनी आणून दिलेल्या काडीवर तो गुंडाळला गेला, आणि थोड्याच दिवसांत छातीतली शिट्टी परत आली. ती सगळी बोलणी मला स्वयंपाकघरातली आठवतात. तू पोळ्या लाटते आहेस, आजी दाराशी बसून लसूण सोलते आहे. "मुडदा पायात व्हता तवर छाती मोकळी व्हती," ती म्हणते. "आता पाय मोकळा झाला तर छाती भरली. एकाला घर दिलं की दुसरा भायेर." बाबा हसतात. मी हसते. तू लाटणं ठेवतेस. "माय, बरं कधीपासून वाटायला लागलं?" "म्या काय तारखा लिवून ठिवल्या का?" "ज्वारी काढायच्या आधी का नंतर?" "कसली ज्वारी गं? सुकडी वाटत व्हते त्या दिसांत. पोरगी कालेजात शिकवती आन् इचारती ज्वारी कवा काढली." तव्यावरची पोळी करपते आहे. तुला वास येत नाही. तेव्हापासून ती पोळी कधी तव्यावरून उतरलीच नाही, असं मला आता वाटतं.

तुझं म्हणणं तू मला पुढं समजावलंस, मी विज्ञानाची नव्हते तरी. एवढा मोठा जंत वर्षभर माणसाच्या अंगात फिरतो आणि अंगाला पत्ता लागत नाही. सूज नाही, ताप नाही. म्हणजे तो काहीतरी सोडतो आणि अंगाला गप्प बसवतो. दमा म्हणजे अंगानं विनाकारण घातलेला गोंधळ. जे सोडून नारू अंगाला गप्प करतो ते वेगळं काढता आलं तर दम्याला औषध मिळेल, आणि जंताची गरजच राहणार नाही. पुरावा काय, तर एक म्हातारी आणि तिचं एक वर्ष. तू प्राणिशास्त्र शिकवायचीस. तुझ्या कॉलेजात बेडूक ठेवायला धड जागा नव्हती. तरी तू सुट्टीत गावं धरलीस, नारू झालेल्यांना विचारत हिंडलीस, निघालेले जंत जमवलेस. बाबा विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर ओव्हरसिअर होते, त्यांनी तिथल्या कुठल्याशा साहेबांचा जुना फ्रिज आणला. मला बर्फाचं वेड लागलं आणि खालचा कप्पा तू जंतांच्या बाटल्यांनी अडवलास. सकाळी चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी बाबा रोज विचारायचे, "दूध वरच्या कप्प्यातलंच ना?"

नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या काढायच्या, वर कठडा बांधायचा, हातपंप बसवायचे, पाणी गाळायला फडकी वाटायची. हे सगळं कागदावर राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पण कामं निघाली, आणि त्या कामांत तूच पुढं. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक डोक्याएवढ्या गाठोड्यात बांधून तू गावात न्यायचीस आणि बायकांना बारवेच्या पाण्याचा थेंब दाखवायचीस. एक जण डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली आणि म्हणाली, "हे वळवळतंय ते रोज पोटात जातंय व्हय? आन् नवरा म्हणतो, तुझ्या हातच्या पाण्याला गोडी हाय." बायका हसून हसून खाली बसल्या होत्या. तू दिवसा नारू घालवत होतीस आणि घरी येऊन नारू संपायच्या आत पैसे मिळावेत म्हणून अर्ज लिहीत होतीस. यात विसंगती आहे असं तुला कधी वाटलं नाही. मला वाटायची, पण तुझ्या चेहऱ्याकडं बघून विचारवायचं नाही.

त्या पैशांसाठीची मुलाखत हैदराबादला होती. मी सोबत आले, बाहेर बाकावर बसले. तू आत गेलीस ते मोरपंखी काठाचं पातळ नेसून, आणि बाहेर आलीस तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. काय झालं ते परतीच्या गाडीत सांगितलंस. भाकरीवर चटणी घालून मला देत देत, निवड समितीच्या अध्यक्षांचा आवाज काढून. ते सभ्य गृहस्थ होते, तू वारंवार म्हणालीस. त्यांनी सगळं वाचलं होतं. "त्यांनी विचारलं, मॅडम, हे यशस्वी होण्याची शक्यता किती? मी म्हटलं, कमी. कमी म्हणजे? म्हटलं, बहुतेक चालणार नाही. ते म्हणाले, मग आम्ही वर काय कळवायचं? बाईंनी सांगितलं चालणार नाही, म्हणून आम्ही मंजूर केलं? सगळे हसले. मलाही हसू आलं गं, खरं सांगते. मग दुसरा म्हणाला, थोडे निष्कर्ष घेऊन या, मग बघू. मी म्हटलं, निष्कर्ष काढायला यंत्र लागतं, त्या यंत्रासाठीच आलेय. आणि शेवटचा एक होता, तरुण. तो म्हणाला, मॅडम, सरकार नारू संपवतंय आणि तुम्हाला नारू पाहिजे. तुम्हाला नक्की रोग हवाय की नको?" इथं तू भाकरीचा तुकडा मोडलास आणि नुसताच धरून ठेवलास. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? "म्हटलं, रोग नको. त्या जंताला जे येतं ते शिकून घ्यायचंय, तो जायच्या आत." बाहेर निजामाबादकडची कोरडी शेतं चालली होती. जरा वेळानं तू म्हणालीस, "खोटं बोलता आलं असतं. नक्की चालेल म्हणता आलं असतं. बाकीचे तेच म्हणत होते, बाहेर ऐकू येत होतं." मी म्हटलं, मग म्हणायचंस. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी उरलेली भाकरी घेऊन खिडकीकडं वळले. बातमी लिहिताना 'नक्की' हा शब्द माझ्याकडून आजही लवकर येत नाही, तो त्या गाडीतल्या नजरेमुळं.

नकार आला, त्यात पुन्हा अर्ज करायला हरकत नाही असंही होतं. कॉलेजातल्या तुमच्या विभागप्रमुखांनी तुझ्या भल्यासाठीच एक सुचवलं असेल. ते आपल्याकडं चहाला आले होते, मी आत कपबशा विसळत होते. "मॅडम, आरोग्य खात्यातले साहेब तुमच्या ओळखीचे आहेत. एखादं गाव शेवटी घ्यायला सांगा की. दोन-तीन वर्षं. नाहीतर पुढच्या अर्जाच्या वेळी नारू आणणार कुठून?" तू जराही आवाज चढवला नाहीस. "चालेल सर. पण मग त्या गावात राहायला आपण दोघं जाऊ. प्यायला तेच पाणी. डबा तुमच्या घरून आणा." ते मोठ्यानं हसले, पुन्हा म्हणून तो विषय त्यांनी काढला नाही. आणि तू दुसरा अर्ज केलास तोवर रेणापूरच्या बाजूला एकच पायऱ्यांची बारव उरली होती, तीही येत्या उन्हाळ्यात पायऱ्या काढायच्या यादीत. त्या अर्जाचंही काही झालं नाही.

आज लेखासाठी मी एका तरुण बाईशी फोनवर बोलले. उदगीरकडची आहे, शिकून मोठ्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिला असे पैसे मिळाले आहेत. जंत माणसाच्या अंगाला कसं गप्प बसवतात, त्यावर ती काम करते. हो आई, तेच. मी पेन खाली ठेवलं आणि ते तिला कळू दिलं नाही. विचारलं, यातून दम्याला औषध निघेल का? ती म्हणाली, "खरं सांगू का मॅडम? बहुतेक नाही निघणार. पण बघायला तर पाहिजे ना कुणीतरी." सहज म्हणाली. आवाजात संकोच नाही, पदर बोटाला गुंडाळला असेल असंही वाटलं नाही. त्या उत्तराबद्दल तिला पैसे मिळाले आहेत आणि फसलं तरी तिची नोकरी जाणार नाही. मला तिचा हेवा वाटला नाही, बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं. मी विचारलं, नारूवर कुणी काही केलंय? "नारू? तो आता मिळतच नाही आपल्याकडं. बरंच झालं म्हणा. आम्ही दुसऱ्या जंतांवर करतो." मग ती म्हणाली, "तुम्हाला कसा माहीत?" मी म्हटलं, आमच्या भागात असायचा पूर्वी. तुझं काही छापून आलेलं असतं तर तिला सांगता आलं असतं. लेख वेळेत गेला. तू त्यात नाहीस. त्यात तुझी बातमी होत नव्हती, आणि सहाशे शब्दांत काय बसतं ते मला कळतं.

तुझं म्हणणं बरोबर होतं का, हे मला माहीत नाही. तुलाही नव्हतं. ते खोटं ठरलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी फ्रिजचा कप्पा पुसून बाबांना दिला असतास. तेवढंसुद्धा झालं नाही. देशातून नारू गेल्याची बातमी आमच्या पेपरात आली, मथळा मीच दिला होता. तू सकाळी तो वाचलास, म्हणालीस, "चांगलं झालं," आणि पेपरची घडी घातलीस. एरवी तू घडी घालायची नाहीस.

हे सगळं मी कितीदा तरी मनात लिहिलं आहे आणि दर वेळी एका जागी येऊन थांबले आहे. आज थांबत नाही. हैदराबादहून आल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात आजी आपल्याकडंच होती आणि तिचा दमा फार वाढला होता. इंजेक्शनानं तासभर बरं वाटायचं. एका दुपारी, तू कॉलेजातून येऊन पाय धूत होतीस, आजीनं तुला जवळ बोलावलं. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. "बाई, ती एक बारव राहिलीया म्हणतेस न्हवं?" "हो माय." "एक तांब्या आण तिथला." तू समजलीस. मीही समजले. तू म्हणालीस, "माय, वेडी का काय? वर्ष लागतं. आणि निघताना तुटला, सडला, तर पाय जाईल." "पायानं कुटं जायचंय मला?" "मला खात्री नाही माय. तेव्हा कशानं बरं वाटलं ते मलाच अजून ठाऊक नाही." "मग घे की माज्यावर परीक्षा. त्या लोकान्ला परीक्षा द्यायला हैद्राबादला गेलीस. म्या हितंच हाय, फुकट." तू तिचा हात धरलास. "गावोगाव जाऊन सांगते हे पाणी पिऊ नका. ते तुला कसं देऊ?" आजीनं हात सोडवून घेतला नाही, पण तोंड भिंतीकडं केलं. "मास्तरीण बोलायलीया," ती म्हणाली, "लेक कुटं गेली कोण जाणे." नंतर तिनं कधी मागितलं नाही. तू त्या गावाला त्यानंतर दोनदा जाऊन आलीस, बारवेच्या कठड्याचं माप घ्यायला माणसं आली होती तेव्हाही. रिकाम्या हातानं आलीस. आजी उन्हाळ्याच्या आधी गेली, उशांना टेकून बसलेली.

तू केलंस त्यात चूक काढता येत नाही. मी संपादकीय पानावर लिहिलं असतं तर तुझ्याच बाजूनं लिहिलं असतं. म्हातारीला मुद्दाम रोग द्यायचा, वर्षभर वाट बघायची, आणि ती वाट बघण्याइतकी तरी जगेल का हेही ठाऊक नाही. पण पन्नाशीनंतर दमा माझ्याकडं आला, आई. तुझ्याकडं आला नाही, मधलं एक घर सोडून आला. रविवारी पुरवणी हातात येईल तेव्हा मी ती उशांना टेकूनच वाचणार आहे. रात्र कशी असते ते आता मला आतून कळतं, आणि आडवं झोपायला मिळावं म्हणून माणूस काय काय पिऊ शकेल तेही कळतं. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, छापणारही नाही, लिहून झालं की ड्रॉवरमध्येसुद्धा ठेवणार नाही. तू समोर असतीस तर हे बोलले नसते, तुझ्या त्या नजरेपुढं मला बोलता आलंच नसतं. पण आजीनं ते माझ्याकडं मागितलं असतं ना, तर मी पहाटेच्या गाडीनं गेले असते आणि तांब्या भरून आणला असता.